कॉलेजच्या रोइंग संघाचे हिवाळी शिबिर: दिवसाला तीन सत्रे कशासाठी?

कोल्हापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या शारीरिक शिक्षण संचालकांनी विचारले आहे की, सत्र परीक्षा आटोपल्यावर डिसेंबरअखेरीस आपल्या रोइंग संघाला, म्हणजे आठ मुलगे आणि चार मुली यांना, दहा दिवसांच्या निवासी शिबिराला न्यायचे आहे. मुलांनी एका परदेशी विद्यापीठाच्या शिबिराचे वेळापत्रक शोधून आणले असून त्यात रोज तीन वेळा पाण्यावर उतरायचे आहे. हे आपल्याकडे जमेल का, आणि संघ न्यावा तरी कोठे, असा त्यांचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की, तीन सत्रे नकोत, दोनच ठेवावीत; त्यांतलेही बहुतेक रोइंग मुलांना कंटाळा येईल इतके संथ असावे; आणि जागा निवडताना निसर्गसौंदर्य किंवा प्रसिद्धी न बघता न वळता किती लांब जाता येते एवढेच आधी बघावे.

परदेशी वेळापत्रक ज्या गरजेतून तयार झाले ती गरजच आपल्याकडे नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. बोस्टनसारख्या शहरांत हिवाळ्यात नदी गोठते, तेथील विद्यार्थी कित्येक आठवडे बंद खोलीत एर्गवर, म्हणजे रोइंगच्या व्यायामयंत्रावर, घाम गाळतात आणि मिळालेल्या सुटीत फ्लोरिडासारख्या उबदार राज्यात जाऊन राहिलेले पाणी भरून काढतात. आपला बुडालेला हंगाम हिवाळा नसून पावसाळा आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फुटांची आणि धोका पातळी ४३ फुटांची. ज्या महिन्यांत शहराचे डोळे त्या आकड्यांकडे लागलेले असतात, त्या महिन्यांत बोटी रॅकवरच असतात आणि मुले एर्गवर. म्हणून डिसेंबरात आपल्या मुलांची छाती तयार असते, पाय तयार असतात. तयार नसतो तो एका बोटीतल्या चौघांचा मेळ. शिबिर हवे ते त्या मेळासाठी. दमछाक करण्यासाठी शिबिराचा खर्च करण्याचे कारण नाही, ती कॉलेजच्या व्यायामशाळेत फुकट होते.

यासाठी थोडा हिशेब मांडतो. कॉलेजच्या क्वाडला, म्हणजे चौघांच्या बोटीला, २००० मीटरची शर्यत साधारण सात मिनिटांची पडते आणि मिनिटाला ३२ स्ट्रोकच्या, म्हणजे वल्ह्याच्या ओढींच्या, दराने तीत सव्वादोनशेच्या आसपास स्ट्रोक होतात. तोच संघ १८ च्या दराने तासभर चालला तर १०८० स्ट्रोक मारतो. दिवसातून असे दोन तास झाले तर २१६०, म्हणजे एका दिवसात नऊ-दहा शर्यतींइतके स्ट्रोक, आणि तेही डोके ताळ्यावर असताना मारलेले. शर्यतीच्या वेगाने एवढे स्ट्रोक मारून घेणे कोणत्याही प्रशिक्षकाला शक्य नाही. शिवाय सात मिनिटांच्या शर्यतीतील सत्तर ते ऐंशी टक्के ऊर्जा प्राणवायूच्या मार्गानेच मिळते, त्यामुळे संथ अंतर हे केवळ तंत्राचे काम नव्हे, तीच शर्यतीची पायाभरणी आहे. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये जागेअभावी अंतर १५०० मीटर ठेवले आहे, हे मुले हमखास पुढे करतील. पाच मिनिटांच्या शर्यतीतही हा वाटा मोठाच राहतो, एवढे त्यांना सांगावे. उशिरा सुरुवात झाली म्हणून घाई करावी, असेही नाही. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळ यांनी सैन्यात दाखल झाल्यानंतर वल्हे हाती घेतले आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने चालवायच्या बोटीच्या शर्यतीत, ते तेरावे आले.

संथ म्हणजे किती, याची कसोटी साधी आहे. बोटीतल्या मुलाला चालत्या स्ट्रोकमध्ये एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले पाहिजे. छातीच्या पट्ट्याने हृदयाचे ठोके मोजता आले तर चांगलेच, नाही आले तरी अडत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोन क्वाड शेजारी आल्या की दोन्हींतील मुले न सांगता दर वाढवू लागतात, हा सगळीकडचा अनुभव आहे, आणि तेथे प्रशिक्षकाने मेगाफोनवर ठामपणे अठरा म्हणजे अठराच असे बजावले नाही तर ते सत्र संथही राहत नाही आणि शर्यतीचेही होत नाही. त्यासाठी बोटी पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सोडणे हा मला सर्वांत खात्रीचा उपाय वाटतो.

आता त्या अठराच्या दरात बघायचे काय, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण शिबिराचा सगळा मोबदला येथेच आहे. या दराने एका स्ट्रोकला सव्वातीन सेकंदांहून किंचित जास्त वेळ मिळतो. त्यात ड्राइव्ह, म्हणजे पाण्यातली ओढ, जेमतेम सेकंदभराचा. उरलेला सगळा वेळ रिकव्हरीचा, म्हणजे पुढच्या ओढीसाठी परत पुढे येण्याचा, असतो आणि क्वाड बिघडते ती या रिकव्हरीत. सेफ्टी बोट क्वाडच्या बरोबरीने, पण लाटा तिच्यावर जाणार नाहीत इतकी दूर ठेवावी आणि वल्ह्यांकडे न पाहता आधी गुडघ्यांकडे पाहावे. हात मांड्यांच्या पुढे जाण्यापूर्वीच ज्याचे गुडघे वर येतात, त्याला हँडल गुडघ्यांवरून उचलावे लागते. हँडल वर गेले की ब्लेड, म्हणजे वल्ह्याचे पाते, पाण्याला टेकते, बोट एका बाजूला कलते आणि उरलेले तिघे तोल सावरण्यात गुंततात. दोष एकाचा असतो, पण काठावरून पाहणाऱ्याला बोट आपोआप डुलते आहे असे वाटते. मग कान लावावा. कॅचला, म्हणजे ओढीच्या आरंभी, ब्लेड पाणी धरतात तेव्हा गेटमध्ये, म्हणजे वल्हे अडकवलेल्या कडीत, वल्ह्याचा टक असा आवाज होतो. चौघे जुळले तर तो एकच आणि भरीव येतो, नाही तर कोणी वाटाणे सांडल्यासारखा तुटक. सकाळच्या शांततेत हा फरक पन्नास मीटरवरूनही ऐकू येतो आणि दोन-तीन दिवसांत मुलांनाही ऐकू येऊ लागतो. त्यानंतर प्रशिक्षकाला फारसे ओरडावे लागत नाही.

यासाठी ड्रिल थोडी आणि नेमकी असावीत. हात पुढे गेल्यावर थांबायचे पॉज ड्रिल, पाते उभेच ठेवून केलेले स्क्वेअर ब्लेडचे रोइंग आणि बुटांतून पाय काढून केलेले रोइंग, एवढ्यावर माझे काम भागते. पाय मोकळे ठेवल्यावर फिनिशला, म्हणजे ओढीच्या शेवटी, मागे झुकून पायांच्या पट्ट्यांना लोंबकळणारा मुलगा लगेच उघडा पडतो. एका बोटीला एका दिवशी एकच गोष्ट सुधारायला सांगावी. फोनवर चित्रण करून रात्री वीस मिनिटे दाखवावे आणि उठावे. सीट मात्र शिबिरात बदलू नयेत. कोण कोठे बसणार हे निघण्यापूर्वी ठरलेले असावे, नाही तर दहा दिवस निवडीच्या राजकारणात जातात आणि कोणतीही चौकडी सलग शंभर किलोमीटर एकत्र चालत नाही.

तीन सत्रांना माझा विरोध आहे तो दुखापतींमुळे. घरी आठवड्याला पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर चालणाऱ्या संघाने शिबिरात शेवटी दिलेल्या मांडणीइतकेच अंतर करावे. त्यापलीकडे जाणे म्हणजे तीन दुखण्यांना आमंत्रण. पहिले मनगटाचे: गार सकाळी वाऱ्यात वल्हे घट्ट आवळून फेदर केल्याने, म्हणजे पाते आडवे वळवल्याने, मनगटाच्या मागच्या बाजूच्या स्नायुरज्जूंना सूज येते, हात हलवला की करकर जाणवते, आणि मग आठवडाभर वल्हे धरता येत नाही. दुसरे कमरेचे. तिसरे आणि सर्वांत फसवे बरगडीचे: अंतर एकदम वाढवले की बरगडीच्या हाडावर ताण साचून बारीक तडा जातो, जो सुरुवातीला पाठीतली चमक वाटतो. खोल श्वास घेताना, खोकताना किंवा अंथरुणात कूस बदलताना बरगडीत एकाच ठिकाणी दुखते असे कोणी म्हणाले, तर त्याला त्याच दिवशी बोटीतून उतरवून डॉक्टरांकडे न्यावे. हा तडा भरायला आठवडे लागतात, आणि दुखणे लपवले तर पूर्ण हंगाम जातो. कोल्हापूरच्या तालमीत नवख्या पोराला वस्ताद पहिल्याच आठवड्यात हजार बैठका मारायला लावत नाहीत. ही अक्कल या मातीतच आहे, ती परदेशी वेळापत्रकापुढे गहाण टाकू नये.

आता जागा. रंकाळा घरचा आहे, पण तेथे २००० मीटरची सरळ रेषा मिळत नाही आणि जलपर्णी वाढली की बोटीच्या तळाची फिन (छोटी पट्टी) अडकते. कळंबा आणि राजाराम तलाव त्याहून लहान. लहान तलावात क्वाड वळवायला प्रत्येक वेळी मिनिट-दीड मिनिट जाते, बोट थंड होते, लय तुटते. बारा किलोमीटरच्या सत्रात अशी दहा-बारा वळणे आली तर सलग अंतराचा हेतूच बारगळतो. नदीचे पाणी लांबीला चांगले आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळ्यानंतर बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले की पंचगंगा आणि तिच्या उपनद्या लांबट, संथ डोहांत विभागल्या जातात, आणि शहराच्या वरच्या अंगाला असा एखादा डोह रोजच्या सरावाला उत्तम असतो. परंतु निवासी शिबिरासाठी मी तो निवडणार नाही. बरग्यांच्या फटींतून आणि माथ्यावरून पाणी सुटत असते व बोट बंधाऱ्याकडे ओढली जाते, रोइंग करणाऱ्याची पाठ जाण्याच्या दिशेला असते, आणि कॉक्स (सुकाणू सांभाळणारा) नसलेल्या क्वाडमध्ये बो सीटवरचा, म्हणजे पुढच्या टोकाजवळचा, मुलगा मान वळवून बघेल तेवढेच दिसते. काठाला शेतीपंपांचे पाइप आणि जॅकवेल (पाणी उपसण्याच्या विहिरी) असतात. खालच्या बंधाऱ्यासाठी पाणी सोडले की पातळी एका रात्रीत उतरते आणि काल सुरक्षित असलेला दगड आज पाण्याबाहेर डोकावतो. शहराच्या खालच्या अंगाला सांडपाणी मिसळत असल्याने फोड आलेल्या हातांनी तेथे उतरणेच योग्य नाही, लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा आहे. कृष्णेचे रुंद पात्र पाहून सांगलीकडे जाण्याचा मोह होतो. भिलवडी-औदुंबर पट्ट्यात मगरी आहेत आणि हिवाळ्यात त्या उन्हाला काठावर येतात, एवढे कारण पुरे.

राहता राहिली धरणे. राधानगरीचा लक्ष्मी तलाव, काळम्मावाडी आणि धामोडजवळचे तुळशी धरण यांत डिसेंबरात भरपूर पाणी असते आणि सकाळी ते आरशासारखे स्थिर असते. यांपैकी लक्ष्मी तलाव आणि काळम्मावाडी हे दोन्ही राधानगरी अभयारण्याला लागून असल्याने तेथे जलसंपदा विभागाबरोबर वन विभागाचीही परवानगी लागते, आणि दोन कार्यालयांची पत्रे वेळेत हाती येतीलच असे नाही; म्हणून पहिल्या शिबिरासाठी मी तुळशीचा प्रस्ताव दीड-दोन महिने आधी पाठवेन. पोलीस ठाणे आणि ग्रामपंचायत यांनाही लेखी कळवावे. पुणे, नाशिक किंवा भोपाळ येथे चांगले क्लब आहेत, पण बोटींसह तेथे जाण्यात खर्च व दिवस दोन्ही जातात आणि तेथील बोटी भाड्याने घेतल्या तर आपल्या रिगिंगची, म्हणजे बोटीवरच्या वल्ह्यांच्या जोडणीची, सवय मोडते. संघ पुरेसा तयार झाल्यावर तो विचार करावा.

शिबिरापूर्वी पंधरा दिवस कोणीतरी एकट्याने तेथे जाऊन यावे, आणि जाताना तेथील मच्छीमार संस्थेच्या एखाद्या माणसाला भेटावे. जलाशयातील मासेमारीचा ठेका बहुधा संस्थेकडे असतो. जाळी रात्री लावून सकाळी काढतात, ती कोठे असतात आणि कधी उचलतात हे त्यांच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. पाणी उतरल्यावर बुडालेल्या झाडांची खोडे कोठे वर येतात हेही तेच दाखवतात. त्यांच्या नावेतून एक फेरी मारून धोक्याच्या जागी रिकामे कॅन दोरीने बांधून खुणा कराव्यात. धरणाच्या काठाला तराफा नसतो, जांभ्याचा खडबडीत उतार असतो, त्यामुळे बोट जमिनीला टेकवायचीच नाही. चौघांनी गुडघाभर पाण्यात जाऊन ती कमरेवरून अलगद उतरवायची, वल्ही नंतर दुसऱ्यांनी आणून द्यायची आणि एकेकाने आत बसायचे. ही कृती पहिल्या दिवशी रिकाम्या बोटीने दोनदा करून घ्यावी. तुटलेली फिन चिकटद्रव्याने बसते, पण तोपर्यंत ती क्वाड काठावर पडून राहते.

सुरक्षेबाबत मी काही मुद्द्यांवर तडजोड करत नाही. प्रत्येकाला कपड्यांसह पन्नास मीटर पोहता आले पाहिजे, आणि बोट उलटली तर बोट सोडून काठाकडे पोहत जायचे नाही, बोटीलाच धरून राहायचे, हे शिबिरापूर्वी जलतरण तलावात करून घेतलेले असावे. बुटांच्या टाचांच्या दोऱ्या टाच सात सेंटिमीटरहून अधिक उचलू देणार नाहीत इतक्या आखूड असाव्यात आणि एका ओढीत दोन्ही बूट सुटले पाहिजेत. पुढच्या टोकाचा पांढरा रबरी चेंडू जागेवर नसेल तर ती बोट पाण्यात जाणार नाही. सेफ्टी बोटीत लाइफ जॅकेट, फेकायची दोरी आणि कोरडी चादर हवी. पहाटेचे धुके हा या दिवसांतला खरा अडथळा आहे: काठावरून दोनशे मीटरवरची खूण दिसेपर्यंत थांबावे, मुले कितीही कुरकुरली तरी. त्या वेळेत एर्ग करायचा असेल तर सलग अर्ध्या तासाहून जास्त नको, कमरेला तो सोसत नाही, आणि डॅम्पर (एर्गवरचा हवेचा विरोध ठरवणारी खिट्टी) दहावर नेणाऱ्या मुलांना तीन ते पाचमध्ये आणून ठेवावे. डॅम्पर दहावर ठेवणे म्हणजे ताकद, ही समजूत कशी रुजली कोण जाणे.

वाहतुकीबद्दल एकच. गाळपाचा हंगाम चालू असतो, राधानगरीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या दोन-दोन जोडलेल्या असतात आणि रात्री त्यांना मागचा दिवाही अनेकदा नसतो. तेरा मीटरची क्वाड ट्रेलरच्या मागे बरीच बाहेर येते. म्हणून दिवसाउजेडी निघावे, टोकाला लाल फडके बांधावे, रिगर (वल्ही पेलणारे बाहेरचे दांडे) काढून वेगळे ठेवावेत, दर तासाला थांबून पट्टे तपासावेत. नट-बोल्टची डबी आणि दहा नंबरचे पाने दुप्पट न्यावेत. पाना पाण्यात पडतोच.

जेवणाच्या बाबतीत कोल्हापूरकरांना सांगण्यासारखे थोडे आणि आवरण्यासारखे जास्त असते. दोन सत्रे करणाऱ्या पासष्ट किलोच्या मुलाला दिवसाला चारशे ते पाचशे ग्रॅम कर्बोदके लागतात. ती भाकरी, भात, पोहे, केळी आणि गूळ-शेंगदाणे यांतून सहज मिळतात, डबाबंद पावडरींची गरज नाही. पाण्यावर जाण्यापूर्वी केळे आणि दूध, परत आल्यावर अर्ध्या तासात पोटभर नाश्ता. कट घातलेली मिसळ सत्रापूर्वी नको, तांबडा-पांढरा शेवटच्या रात्री. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी पिणे राहून जाते, त्यामुळे लघवीचा रंग बघायला मुलांना सांगावे. हातांचे फोड सोलू नयेत. साबणाने धुऊन, कोरडे करून, फुटलेल्या जागी झिंक ऑक्साइडची पट्टी लावावी. हातमोजे घालून वल्ह्याची पकड कळत नाही.

मुलींच्या क्वाडचे वेळापत्रक वेगळे करण्याचे कारण नाही, पण सोबत शिक्षिका असावी, शिबिरापूर्वी हिमोग्लोबिनची तपासणी व्हावी आणि वजनावर कोणीही शेरे मारू नयेत. कमी खाऊन जास्त अंतर मारणाऱ्या मुलींची पाळी अनियमित होते, हाडे कमकुवत होतात, आणि वर सांगितलेला बरगडीचा तडा त्यांच्यात लवकर दिसतो.

दहा दिवसांची मांडणी मी अशी करेन. पहिला दिवस प्रवास, रिगिंग आणि अर्ध्या तासाचे हलके रोइंग. दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी सकाळी आठ-दहा किलोमीटर आणि सकाळीच, वारा उठण्यापूर्वी, दुसरे सहा किलोमीटरचे तंत्राचे सत्र; दुपारी झोप सक्तीची. चौथ्या दिवशी फक्त एक सत्र. पाचवा, सहावा आणि सातवा हे मुख्य दिवस, दोन सत्रे मिळून सोळा ते अठरा किलोमीटर, त्यांत सहाव्या दिवशी दुसऱ्या सत्रात २२ ते २४ च्या दराने दहा-दहा मिनिटांचे दोन तुकडे. आठव्या दिवशी बोटीला हात लावायचा नाही. मुलांना धरण बघू द्यावे, कपडे धुऊ द्यावेत. नवव्या दिवशी सकाळी २० च्या दराने सहा किलोमीटरचा एक वेळ लावलेला तुकडा, तिन्ही क्वाडनी वेगवेगळा सुटून. त्याचा आकडा वहीत नोंदवावा, म्हणजे फेब्रुवारीत तोच तुकडा त्याच दराने करून तुलना करता येईल. दहाव्या दिवशी रिगर काढून, बोटी ट्रेलरवर चढवून परत. कॉलेजात आल्यावर दोन दिवस सुटी आणि पुढचा आठवडा निम्म्या अंतराचा ठेवावा; एर्गवरील २००० मीटरची चाचणी घेण्याची घाई मुले करतील, ती दहा-बारा दिवस तरी पुढे ढकलावी, कारण थकव्याखाली दडलेली सुधारणा आकड्यात उतरायला तेवढा वेळ लागतो.